विश्लेषण : मका विकायचा की गाईला घालायचा? जाफराबादच्या गोठ्यातले लिटरमागचे पाच रुपये

जाफराबाद तालुक्यातला शेतकरी मका, सोयाबीन आणि कापूस पिकवतो. हंगाम आला की तिन्ही माल बाजारात जातो. पुढे याच मालापासून तयार झालेले पशुखाद्य, सोयापेंड आणि सरकी ढेप पोत्याने विकत आणून तो गाईपुढे ठेवतो. विकताना भाव व्यापारी ठरवतो, घेताना दुकानदार. मधल्या दुधाचा दर डेअरी ठरवते. मग शेतकऱ्याच्या हातात उरते काय? उरतो तो गव्हाणीत पडणारा माल, म्हणजे कोणत्या जनावराला काय आणि किती घालायचे हा निर्णय. दुधाच्या दरावर भरपूर चर्चा होते, या निर्णयावर फारच कमी. म्हणून आज तेच गणित मांडून पाहू.

हा विषय आत्ताच का?

पहिले कारण मका. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरवला. आदल्या वर्षी तो २,२२५ होता. कागदावर वाढ झाली, पण काढणीच्या दिवसांत राज्यातल्या अनेक बाजार समित्यांत भाव हमीभावाच्या बराच खाली राहिला. त्यात सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके भिजली. ओला, डाग पडलेला मका घेताना व्यापारी आणखी कापतो.

दुसरे कारण दूध अनुदान. गाईच्या दुधाचे दर कोसळल्यावर राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदान सुरू केले. मार्चमध्ये ते थांबले. जुलै २०२४ पासून डेअरीने ३० रुपये द्यायचे आणि सरकारने ५, अशी रचना आली. ऑक्टोबरपासून ती २८ अधिक ७ झाली. वर्ष संपण्याआधीच योजनेची मुदत संपली. थोडक्यात, अनुदान येते आणि जाते. ज्यांच्या जनावराच्या कानात बिल्ला नव्हता किंवा ज्यांचे बँक खाते आधारला जोडलेले नव्हते, त्यांच्याकडे ते आलेच नाही.

हा ५ रुपयांचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

गोठ्याचा नफा मोजायचा कशात?

दूध धंद्यातल्या एकूण खर्चापैकी ६० ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्यावर होतो. त्यामुळे गोठा किती दूध देतो यापेक्षा दुधाच्या पैशातून खाद्याचा खर्च वजा जाता किती उरते, हे पाहणे जास्त उपयोगाचे. मी इंजिनीअरिंग शिकलो. तिथे कोणत्याही यंत्राबद्दल पहिला प्रश्न असायचा की आत किती घातले आणि बाहेर किती आले. गोठ्यात बाहेरचा आकडा रोज दोनदा मोजला जातो, डेअरीची पावतीच असते. आतला आकडा मात्र घमेल्यात. भरडा घातलेले घमेले वेगळे भरते, गोळी पेंडीचे वेगळे. ढेप भिजवून घातली तर अंदाज आणखी चुकतो.

अमेरिकेत सरकारने विमाच या फरकावर बेतला आहे. २०१८ च्या कृषी कायद्यानुसार तिथे 'डेअरी मार्जिन कव्हरेज' नावाची योजना चालते. दुधाचा दर पडला म्हणून तिथे भरपाई मिळत नाही. दूधदर आणि खाद्यखर्च यांतला फरक ठरलेल्या पातळीखाली गेला की मिळते. दर चांगला असूनही पेंड महागली तर शेतकरी बुडतो, हे त्यात गृहीत धरले आहे. आपल्याकडे आंदोलन होते ते नेहमी दरावर. ते चूक नाही, पण अर्धेच आहे.

एका गाईचे गणित

समजा ४०० किलो वजनाची एचएफ संकरित गाय दिवसाला १२ लिटर दूध देते आणि दर लिटरला ३३ रुपये मिळतो. दिवसाचे दूध झाले ३९६ रुपयांचे. खालचे भाव हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या गावात जो भाव असेल तो घालून पाहा.

गावोगाव दिसणारी पद्धत साधारण अशी असते. कडबा किंवा सोयाबीनचे भुसकट, ज्याला इकडे कुटारही म्हणतात, ५ किलो. ६ रुपयांप्रमाणे ३० रुपये. हिरवे गवत १५ किलो. २ रुपयांप्रमाणे ३० रुपये. तयार गोळी पेंड ४ किलो. ३२ रुपयांप्रमाणे १२८ रुपये. वर सरकी ढेप २ किलो. ३८ रुपयांप्रमाणे ७६ रुपये. एकूण २६४ रुपये. खाद्य वजा जाता उरले १३२. लिटरमागे खाद्याचा खर्च २२ रुपये.

आता दुसरी पद्धत. मक्याचा मुरघास १५ किलो. घरच्या मक्याची किंमत धरून ४ रुपयांप्रमाणे ६० रुपये. कोरडा चारा ३ किलो, १८ रुपये. घरी मिसळलेला खुराक साडेचार किलो. २८ रुपये ३० पैशांप्रमाणे १२७ रुपये. एकूण २०५. उरले १९१. लिटरमागे खर्च १७ रुपये.

दूध तेवढेच, १२ लिटर. दिवसाला एका गाईमागे ५९ रुपये जास्त उरले. लिटरमागे हा फरक ४ रुपये ९० पैसे होतो. ज्या ५ रुपयांसाठी २०२४ मध्ये कानातले बिल्ले आणि बँक खाती जोडत फिरावे लागले, जवळपास तेवढेच. पाच गाई असतील तर महिन्याला साधारण ८,८०० रुपये.

हा आकडा प्रत्येक गोठ्यात असाच येईल असे नाही. कुणी आधीच मोजून खाऊ घालतो, त्याची बचत कमी होईल. कुणाच्या गाई मुळातच उपाशी आहेत, त्याला उलट खर्च वाढवावा लागेल. शिवाय १९१ रुपये हा निव्वळ नफा नव्हे. मजुरी, औषधे, रेतन, कर्जाचा हप्ता हे सगळे त्यातूनच जायचे आहे.

ही बचत नेमकी आली कुठून?

अनेकांना वाटेल, घरी खुराक बनवला म्हणून. ते पूर्ण खरे नाही.

दुसऱ्या पद्धतीत चाऱ्यावरचा खर्च ६० वरून ७८ रुपयांवर गेला, म्हणजे १८ रुपयांनी वाढला. खुराकावरचा २०४ वरून १२७ वर आला, म्हणजे ७७ रुपयांनी घटला. या ७७ पैकी सुमारे ५१ रुपये वाचले ते खुराक ६ किलोवरून साडेचार किलोवर आणल्यामुळे. घरच्या मिश्रणाच्या कमी भावामुळे वाचले फक्त २६ च्या आसपास. म्हणजे बचतीतला दोन तृतीयांश वाटा वजनकाट्याचा.

कमी खुराक घालूनही दूध का घटले नाही? कारण पहिल्या पद्धतीत गाईला गरजेपेक्षा जास्त मिळत होते. दुधाच्या गाईला लिटरमागे सुमारे ४०० ग्रॅम खुराक आणि म्हशीला सुमारे ५०० ग्रॅम, हा ठोकताळा पशुवैद्यक वर्षानुवर्षे सांगतात. या हिशेबाने ६ किलो खुराक १५ लिटरच्या गाईचा झाला. तो १२ लिटरवाली खात होती. प्रथिने पाहिली तर आणखी स्पष्ट होते. ४०० किलोच्या, १२ लिटर देणाऱ्या गाईची दिवसाची गरज १,४०० ग्रॅमच्या आत-बाहेर असते. पहिल्या पद्धतीत तिला साडेसोळाशे ग्रॅमच्या आसपास मिळतात. वरची प्रथिने दुधात जात नाहीत. त्यांचा युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि तो बाहेर टाकण्यासाठी गाईची ताकद वेगळी खर्च होते. खुराकात सर्वांत महाग प्रथिनेच असतात आणि जादा झालेली थेट गटारात जातात.

दुसऱ्या बाजूने मुरघासात मक्याची कणसे असतात. त्यामुळे चाऱ्यातूनच बरीच ऊर्जा मिळते आणि खुराकावरचा भार हलका होतो.

एकाच दावणीला १८ लिटरची, १० लिटरची आणि आटत आलेली अशा तीन गाई असतात आणि तिघींपुढे तेच घमेले पडते, ही खरी गळती. पहिली अर्धपोटी राहते, तिसरी फुगते. तपासायला सोपा मार्ग आहे. पंधराशे-दोन हजारांचा लटकता डिजिटल काटा घ्यायचा आणि एकदा प्रत्येक खाद्याचे घमेले मोजून त्यावर रंगाने खूण करायची. मग एखाद्या गाईचा खुराक अर्धा किलोने वाढवून आठवडाभर दूध पाहायचे. अर्धा किलो म्हणजे १६ रुपये. दूध निदान अर्ध्या लिटरने वाढले तर बरोबरी, लिटरभर वाढले तर फायदा. वाढलेच नाही तर ते १६ रुपये रोज वाया जात होते असे समजायचे. हाच प्रयोग उलटा, कमी करूनही करता येतो. मात्र नुकत्याच व्यालेल्या गाईवर तो करू नये. त्याचे कारण पुढे आहे.

मग घरचा खुराक बनवायचा की नाही?

हे मक्याच्या भावावर ठरते. वरच्या हिशेबात १०० किलो मिश्रण असे धरले आहे : मक्याचा भरडा ४२ किलो, सोयापेंड म्हणजे डीओसी २३, तूर किंवा हरभरा चुनी २२, सरकी ढेप १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. प्रथिने साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास येतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २०५२ या पशुखाद्य मानकात २२ आणि २० टक्के प्रथिनांचे प्रकार आहेत, त्यातल्या दुसऱ्याच्या जवळ जाणारे हे मिश्रण.

मका १८ रुपये किलो आणि दळणाचे २ रुपये धरले तर हा खुराक २८ रुपये ३० पैशांना पडतो. बाजारातली गोळी पेंड ३२ ची. पण मका हमीभावाने, म्हणजे २४ रुपयांना विकला जाणार असेल तर? तेव्हा घरचा खुराक ३०.८० ला पडतो. किलोमागे सव्वा रुपया वाचवण्यासाठी भरडा, मिसळणे, साठवण ही सगळी उठाठेव परवडत नाही. तेव्हा मका विकावा आणि चांगल्या कंपनीची गोळी पेंड आणावी, हेच शहाणपणाचे. भाव १८ च्या खाली गेला की उलट. 'घरचे ते स्वस्त' हे दरवर्षी खरे नसते. घरच्या मक्यालाही किंमत असते, ती म्हणजे तो विकून मिळाले असते ते पैसे.

सरकी ढेपीबाबत थोडे वेगळे. जुन्या लोकांचा तिच्यावर फार विश्वास, कारण ढेपेने फॅट लागते. त्यात तथ्य आहे, पण फॅटचा मोठा आधार चाऱ्यातल्या तंतूवर असतो. कडबा आणि कुट्टी कमी पडली तर ढेप वाढवूनही फॅट घसरतो. ढेपेचा भाव जाफराबादच्या दुकानात ठरत नाही हेही लक्षात घ्या. एनसीडीईएक्सवर तिचे वायदे होतात आणि त्याचे मूळ केंद्र अकोला आहे. तिथे तेजी आली की इथल्या गाईचा खर्च त्याच आठवड्यात वाढतो, दूधदर मात्र तिथेच. २२ टक्के प्रथिनांची ढेप आणि ४५ टक्क्यांची सोयापेंड जवळपास एकाच भावात मिळत असेल, तर प्रथिनांसाठी कोणती घ्यायची हे सांगायला नको.

इथेनॉलचा गाईशी काय संबंध?

बराच आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत मक्यापासून इथेनॉल बनवणारे कारखाने वाढले. मक्यातला स्टार्च काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, तो वाळवून 'डीडीजीएस' या नावाने विकला जातो. त्यात २६ ते ३० टक्के प्रथिने असतात आणि तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त असतो. पशुखाद्य आणि कोंबडीखाद्याच्या कंपन्यांनी तो वापरायला सुरुवात केली, सोयापेंडीची मागणी घटली आणि सोयाबीनच्या भावावर दाब आला. सोयाबीन हमीभावाखाली विकले जाण्यामागे इतर कारणेही आहेत, पण हे त्यातले एक.

आता गंमत पाहा. जाफराबादमध्ये सोयाबीन पिकवणारा आणि गाय पाळणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. इथेनॉलच्या एका धोरणाने त्याचे सोयाबीन स्वस्त केले आणि त्याच्याच गाईची पेंडही स्वस्त केली. पहिला तोटा तो लगेच सोसतो. दुसरा फायदा मात्र स्वतः पेंड विकत घेऊन मिसळली तरच मिळतो. तयार पोत्याचा भाव तितक्या तत्परतेने उतरत नाही.

मुरघास हा श्रीमंतांचा प्रकार आहे का?

बागायती पट्ट्यात मुरघास यंत्रे, मोठ्या गाठी, कंत्राटदार असा थाट असतो. त्यामुळे तसे वाटते. पण पूर्णा आणि केळना नद्यांच्या या खोऱ्यातले पावसावरचे मक्याचे क्षेत्र पाहिले तर मुरघासाची खरी गरज इथेच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने काय पाहिले ते इथल्या कुणाला सांगायला नको. त्या वर्षी चारा छावण्यांत गेलेली जनावरे परत दुधावर यायला किती काळ लागला, हेही. मुरघास ही एप्रिल-मेसाठी ऑक्टोबरात भरलेली शिल्लक आहे.

हिशेब असा. दाण्यासाठी ठेवलेल्या एकरभर मक्यात समजा २२ क्विंटल उत्पादन आले. १८ रुपये किलोने ३९,६०० रुपये. काढणी आणि मळणीचे ५ हजार वजा केले तर ३४,६०० राहिले. तोच मका हिरवा कापला तर १५ टन चारा धरू. दाट पेरणी असेल तर तो जास्तही येतो. म्हणजे किलोमागे दाण्याचे गेलेले पैसे २ रुपये ३० पैसे. त्यावर कापणी, कुट्टी, पिशव्या, दाबण्याची मजुरी आणि थोडी नासाडी धरून ४ रुपये. वरच्या गणितातला ४ रुपयांचा भाव इथून आला. पाच गाईंना रोज १५ किलोप्रमाणे वर्षाला सुमारे २७ टन लागतो, म्हणजे जवळपास दोन एकर मका.

चुका होतात त्या वेळेच्या आणि हवेच्या. कणसातला दाणा चिकाच्या अवस्थेतून पिठाळ होत असताना, साधारण ७५ ते ८५ दिवसांत कापणी व्हायला हवी. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडा. रस गळला तर अजून कच्चे आहे. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला. हळूहळू उलगडला तर बरोबर. कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची असावी आणि दाबताना कंजुषी नको, कारण आत हवा राहिली की तिथे बुरशी आलीच. ४५ दिवसांनी पिशवी उघडायची. आंबूस-गोड वास आला तर उत्तम. कुजट वास आला तर तो भाग जनावरापुढे नेऊ नये.

दोन एकर मका कापून टाकायची छाती होत नसेल तर निदान कुट्टी तरी करावी. दाणे काढलेल्या मक्याची ताटे अनेक ठिकाणी बांधावर पडून राहतात किंवा पेटवली जातात. अख्खी ताटे गव्हाणीत टाकली तर जनावर पाला खाते आणि जाड धांडे पायाखाली जातात. कुट्टीने हा वाया जाणारा भाग पोटात जातो.

खाद्य कमी केले की खर्च वाचतो?

नाही, आणि इथेच बरेच लोक फसतात. व्यायल्यानंतर पहिले दोन-अडीच महिने गाय जेवढे खाते त्याहून जास्त दुधावाटे देते. अंगावरची चरबी वितळवून ती हे भागवते. याच काळात खुराक कापला तर दूध शिखरावर पोहोचत नाही, गाय वाळते आणि माजावर येत नाही. एक माज हुकला की २१ दिवस गेले. शेवटी हे दिवस भाकड काळात वाढतात. तेव्हा दुधाशिवाय रोज शंभर-सव्वाशेचे खाणे धरले तरी एका हुकलेल्या माजाचे दोन-अडीच हजार रुपये होतात. दोन वेतांतले अंतर १३-१४ महिने असायला हवे. ते १८ महिन्यांवर गेले तर वरची ५९ रुपयांची सगळी बचत त्यात जिरते.

खनिज मिश्रणाची गोष्टही अशीच. दुभत्या गाईला दिवसाला ५० ते १०० ग्रॅम लागते, म्हणजे पाच ते दहा रुपये. खर्च कापायची वेळ आली की पहिली गदा यावरच येते, कारण त्याचा परिणाम उद्याच्या दुधात दिसत नाही. तो तीन महिन्यांनी उलटणाऱ्या गाईत दिसतो. आणि पाणी तर फुकटच आहे. लिटरभर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागते. दिवसातून दोनदा दावणीवरून सोडून पाणी दाखवणाऱ्या गोठ्यात खाद्याचे कितीही काटेकोर माप केले तरी दूध अडतेच.

एसएनएफ कमी लागल्याने दर कापला जातो ही तक्रार प्रत्येक संकलन केंद्रावर ऐकू येते. फॅट वगळून दुधात जे घन पदार्थ असतात ते एसएनएफ. दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला. त्याखाली गेले की प्रत्येक पॉइंटला कपात होते. काट्यात आणि यंत्रात गडबड असू शकते आणि ती तपासून घेण्याचा हक्क सोडू नये. पण एसएनएफ सतत ८.२-८.३ लागत असेल तर गाईला ऊर्जा कमी पडते आहे का, हेही पाहावे. प्रथिने जास्त आणि ऊर्जा कमी, हे ढेपेवर भिस्त असलेल्या गोठ्याचे नेहमीचे चित्र. तिथे थोडी ढेप काढून तेवढाच मक्याचा भरडा घातला तर पैसेही वाचतात आणि एसएनएफही सुधारू शकतो.

जाता जाता एक. इंटरनेटवर 'जाफराबाद' आणि 'दूध' हे शब्द एकत्र शोधले की जाफराबादी म्हशीचेच फोटो येतात. ती म्हैस गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या जाफराबादची, आपल्या नव्हे. तिच्यासाठी लिहिलेले आहाराचे तक्ते इथल्या संकरित गाईला लावू नयेत.

भिजलेल्या मक्याचे काय करायचे?

बाजारात कुणी घेत नाही म्हणून काळा पडलेला मका गाईला, हा व्यवहार टाळावा. मक्यात १४ टक्क्यांहून जास्त ओल राहिली की साठवणीत बुरशी वाढते आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते गाईच्या यकृताला मारक असते आणि दुधातही उतरते. दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ ची मर्यादा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. उकळून ते जात नाही. त्या दुधातले पहिले पेलाभर घरच्याच पोराला जाते.

हीच काळजी स्वस्तात मिळणाऱ्या डीडीजीएसबाबत. मूळ मक्यात विष असेल तर चोथ्यात ते सुमारे तिप्पट दाटते, कारण स्टार्च निघून जातो आणि विष मागे राहते. तपासणीचा कागद नसेल तर सुटा चोथा घेऊ नये.

सरकार काय करते आहे?

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प २०१६ मध्ये ११ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात जालना होता. २०२४ मध्ये राज्याने दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. १९ जिल्हे, १४९ कोटींचा खर्च, मुदत २०२६-२७ पर्यंत. यात दुधाळ जनावरांचे वाटप ठळकपणे सांगितले जाते. मात्र अनुदानावर कडबाकुट्टी यंत्र, चाऱ्याचे बियाणे, मुरघास आणि प्रजननासाठीचे पूरक खाद्य हेही त्याच यादीत आहे. माझ्या मते गावपातळीवर हा क्रम उलटा असायला हवा. आधी चारा आणि काटा, मग गाय. १८ लिटरची गाय आणून तिला कुटार घातले तर दोन महिन्यांत ती १० लिटरची होते आणि तिच्यावरचे कर्ज तसेच राहते.

आहार संतुलनाचा प्रयोग देशात नवा नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, म्हणजे एनडीडीबीने, २०११-१२ पासूनच्या राष्ट्रीय डेअरी योजनेत गावातल्याच माणसाला प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. गाईचे वजन फितीने मोजायचे, दूध आणि घरात असलेला चारा नोंदवायचा आणि संगणकाकडून सर्वांत स्वस्त आहार काढून द्यायचा, अशी ती पद्धत. लाखो जनावरांपर्यंत ती गेली. पुढे मंडळाने 'पशु पोषण' नावाचे अ‍ॅपही काढले. ज्याला अ‍ॅप नको त्याने जालन्याजवळच्या खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात घरच्या मालाची यादी घेऊन जावे आणि मिश्रण लिहून घ्यावे.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या आराखड्यात दिसत नाही. टेंभुर्णी असो, माहोरा असो की वरुड, गव्हाणीत खुराक टाकणारा हात बहुतेक घरांत बाईचा असतो. प्रशिक्षणाला मात्र पुरुष जातात. घमेल्यावरच्या खुणेचा अर्थ ज्या घरात सासू-सुनेलाच सांगितला गेला नाही, तिथे काटा खुंटीला टांगलेलाच राहतो.

या आठवड्यात करण्यासारखे काम एवढेच : चालू खाद्याचे प्रत्येक घमेले एकदा तोलायचे, प्रत्येक गाईचे सकाळ-संध्याकाळचे दूध वेगळे लिहायचे आणि सातव्या दिवशी दुधाच्या पैशातून खाद्याचे पैसे वजा करायचे. घरात साठवलेला मका कोरडा असेल तर त्या दिवशीचा बाजार समितीचा भावही त्याच पानावर लिहून ठेवायचा.